जुनी, खूप चाललेली होंडा सिटी व्हीटेक: घेण्याआधी आणि घेतल्यानंतर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९९८ ते २००३ या काळात आपल्याकडे विकल्या गेलेल्या होंडा सिटीबद्दल, त्यातही १.५ व्हीटेकबद्दल, हे प्रश्न आहेत. कुणी वडिलांकडे ही गाडी होती म्हणून शोधतंय, कुणी नुकती घेतलीय आणि गॅरेजचं बिल हातात घेऊन बसलंय. बहुतेक उत्तरं त्या काळच्या दुसऱ्या जपानी गाड्यांनाही लागू पडतात.

इतकी वर्षं झाली, तरी लोक हिच्या मागे का असतात?

जानेवारी १९९८ मध्ये होंडाने ग्रेटर नोएडाच्या कारखान्यातून सिटी आणली. २००० च्या सुमारास तिला १४९३ सीसीचं व्हीटेक इंजिन मिळालं, १०६ अश्वशक्तीचं. २००३ च्या अखेरीस नव्या पिढीची सिटी आली, तिचा भर मायलेजवर होता, आणि हे इंजिन बंद झालं. म्हणजे ही गाडी फार थोडी वर्षं विकली गेली.

आज १०६ हा आकडा ऐकून कुणी चमकत नाही. पण गाडीचं वजन टनाच्या आसपास आणि इंजिनाला फिरायची हौस. व्हीटेक म्हणजे हे: इनटेक व्हॉल्व्हसाठी (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या झडपांसाठी) कॅमशाफ्टवर दोन आकारांचे लोब, म्हणजे उंचवटे, आहेत. सावकाश चालवताना छोटे लोब काम करतात. आरपीएम पाच हजारांच्या आसपास गेले की सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप) ऑईलला वाट करून देतो, ऑईलच्या दाबाने रॉकर आर्ममधली पिन सरकते आणि व्हॉल्व्ह मोठ्या लोबवर चालू लागतात. ते जास्त उघडतात, जास्त वेळ उघडे राहतात. खंबाटकीच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज त्या क्षणी बदलतो आणि गाडी नव्याने ओढ घेते. टर्बोच्या ढकलण्याहून हे वेगळं आहे, आणि ज्याला हे आवडतं त्याला दुसरं काही चालत नाही.

दोन लाख किलोमीटर झालेली गाडी घ्यावी का?

घ्यावी. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीचे किलोमीटर हा चौथा-पाचवा प्रश्न आहे. पहिला कागद, दुसरा पत्रा, तिसरा आधीच्या मालकाने ऑईल आणि कूलंट वेळेवर बदललं का. हे इंजिन नीट सांभाळलं तर दोन लाखांनंतरही निमूट चालतं, आणि नाही सांभाळलं तरी उघडून बांधता येतं. रिंगा, बेअरिंग, गॅस्केट मिळतात, लेथवाले आहेत. सडलेली चॅसी आणि रद्द झालेली नोंदणी यांना कुठलाही मेस्त्री बांधू शकत नाही.

सत्तर हजार चाललेली पण सहा वर्षं पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी आणि रोज पुणे-सातारा करणारी दोन लाखांची गाडी समोर असतील, तर मी दुसरी घेईन. उभ्या गाडीत रबर सुकतं, टाकीत पाणी धरतं, ब्रेक सिलेंडर जाम होतात.

मीटर मागे फिरवलंय हे कसं ओळखायचं?

या वयाच्या गाडीचं मीटर मी खरं धरूनच चालत नाही. क्लच आणि ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगची वरची कड, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची बाजू, गिअरची मूठ बघा. मीटरवर नव्वद हजार आणि पेडलचं रबर गुळगुळीत, तर आकडा खोटा. जुनी सर्व्हिसची बिलं आणि पीयूसी मागून घ्या. बिलावर बहुधा तारखेसोबत किलोमीटरही लिहिलेले असतात.

पत्रा कसा तपासायचा?

दिवसाउजेडी, कोरड्या गाडीवर. पावसात किंवा धुतल्या धुतल्या गाडी बघायला जाऊ नका, ओल्या रंगावर सगळंच छान दिसतं.

डिकीतलं कार्पेट उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि खालच्या खड्ड्यात हात फिरवा. पाणी साचल्याच्या रेघा, गंजाचे पापुद्रे, नव्याने मारलेला काळा रंग, यातलं काही दिसलं तर मागचे दिवे आणि डिकीची रबरं पाणी आत घेतात किंवा गाडी मागून ठोकलेली आहे. मग रनिंग बोर्डच्या खालच्या कडेला बोटाने दाबत जा. मडगार्डच्या आतली कड, चारी दारांची खालची शिवण, बॉनेट उघडून शॉकअब्सॉर्बरच्या माथ्याभोवतीचा पत्रा आणि रेडिएटर धरून ठेवणारी पट्टी, या जागा सोडू नका. एक छोटं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून न्या. जिथे ते धरत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला आहे.

मग गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा. ही सिटी जमिनीपासून फार उंच नाही आणि आपले स्पीडब्रेकर कुणाचं ऐकत नाहीत. त्यामुळे तळाला ओरखडे असणारच, त्याने घाबरू नका. ओरखड्यातून गंज आत शिरलाय का एवढं पाहा. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, गोवा इथे वाढलेल्या गाडीत खारी हवा मुरलेली असते. नाशिक, सोलापूर, छत्रपती संभाजीनगरकडची गाडी पत्र्याला बहुधा बरी निघते. त्यासाठी लांबचा प्रवास करावा लागला तरी करावा.

इंजिन कसं बघू? मी मेकॅनिक नाही.

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की गाडी मी येईपर्यंत सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा घ्या, तासभर थांबा, किंवा दुसऱ्या दिवशी या.

थंड इंजिनावर आधी ऑईलचं झाकण काढा. आतली बाजू मधाळ तपकिरी असेल तर चांगलं. काळा चिखल चिकटलेला असेल तर ऑईल वेळेवर बदललेलं नाही. ताकावरच्या फेसासारखा पांढरट थर दिसला तर कूलंट ऑईलमध्ये जात असण्याची शक्यता आहे. पावसाळ्यात फक्त जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीतही थोडा फेस दिसतो, म्हणून रेडिएटरचं झाकणही उघडून पाहा (इंजिन थंड असतानाच). आत गंजलेलं लालसर पाणी असेल तर कूलंटऐवजी नळाचं पाणी भरत आलेत. अॅल्युमिनियमच्या ब्लॉकला आणि हेडला ते हळूहळू खातं.

आता दुसऱ्याला चावी मारायला सांगून तुम्ही सायलेन्सरमागे उभे राहा. सुरू होताच निळा धूर येऊन लगेच थांबला तर व्हॉल्व्हची ऑईल सील गेली आहेत. ते काम आवाक्यातलं आहे. चालवताना, विशेषतः जोरात वेग घेताना निळा धूर येत राहिला तर रिंगांपर्यंत प्रकरण गेलंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि गोडसर वास राहिला तर हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधली पट्टी) गेलंय.

कॉम्प्रेशन टेस्टचा (प्रत्येक सिलेंडर किती दाब धरतो ते मोजण्याचा) आग्रह धरा. चारही सिलेंडरचे आकडे एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांत असावेत. तीन सारखे आणि एक बराच खाली असला तर किंमत कमी करायला कारण मिळालं, किंवा निघून यायला.

शेवटी व्हीटेक. इंजिन पूर्ण तापल्यावरच ते लागतं, थंड गाडीवर हट्ट करू नका. तापल्यावरही लागत नसेल तर आधी ऑईलची पातळी बघा, मग सोलेनॉइडखालची बारीक जाळी. कित्येकदा तिच्यात कचरा अडकलेला असतो आणि लोक हेड उघडायचा खर्च करून मोकळे होतात.

ही खरोखर व्हीटेकच आहे का?

हा प्रश्न विचारणारे कमी, आणि फसणारे जास्त. १.५ ईएक्सआयचं (व्हीटेक नसलेल्या सिटीचं) इंजिनही तेवढ्याच सीसीचं होतं, त्यामुळे आरसीवरचा सीसीचा आकडा काही सिद्ध करत नाही. मागचा बिल्ला पन्नास रुपयांचा असतो. आरसीवर मॉडेलचं नाव वाचा, मग टॉर्च घेऊन ब्लॉकवरचा इंजिन नंबर वाचा. तो गिअरबॉक्स जिथे जोडला जातो त्या बाजूला कोरलेला असतो आणि बहुधा तेलाने माखलेला असतो. रॉकेलचा बोळा फिरवा आणि एकेक आकडा आरसीशी ताडून पाहा. चॅसी नंबरही तसाच.

बऱ्याच गाड्यांत मधल्या काळात परदेशातून आलेली हाफ-कट (अर्ध्या कापून आणलेल्या जुन्या गाड्यांतली) इंजिनं बसवली गेली. इंजिन चांगलं असेलही, पण आरसीवर त्याची नोंद नसेल तर हस्तांतरण, फेरनोंदणी आणि विम्याचा दावा, तिन्ही ठिकाणी तुम्हीच अडकाल. ‘नंतर करून देतो’ या शब्दावर इसार देऊ नका.

गाडीला वीस वर्षं उलटून गेली. महाराष्ट्रात चालवता येते का?

येते. खासगी पेट्रोल गाडी फक्त वयामुळे इथे भंगारात जात नाही. पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर फॉर्म २५ भरून, आरटीओत गाडी दाखवून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवता येते, आणि पर्यावरण कर भरावा लागतो. केंद्राच्या ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार वीस वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये झालं आहे. पंधरा वर्षांवरच्या गाड्यांना एप्रिल २०२२ पासून ५,००० होतं. गाडीची किंमत ठरवताना नोंदणी कधी संपते ते पाहून हा खर्च धरा.

पैसे देण्याआधी वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहनवर नंबर टाकून नोंदणीची मुदत, कर्जाचा बोजा आणि थकलेली चलनं बघा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ विकणाऱ्याने आणायचा. हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३०. एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली आहे, ती बसवलेली आहे का तेही पाहा.

दिल्लीकडची गाडी स्वस्त मिळते म्हणून हुरळून जाऊ नका. तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत आणि या सिटी केव्हाच ते वय ओलांडून गेल्या आहेत. पोर्टलवर नोंदणी संपलेली किंवा रद्द दिसत असेल तर गाडी कितीही सुंदर असो, सोडा. दुसऱ्या कुठल्याही राज्यातून आणायची तर फॉर्म २८ ची एनओसी आधी, गाडी नंतर. बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची असेल तर इथला नंबर घ्यावाच लागतो, आणि कर भरावा लागतो.

घेतल्या घेतल्या काय करायचं?

टायमिंग बेल्ट. ‘मागच्या वर्षीच बदललाय’ असं सांगितलं आणि बिल नसेल तर बदलला नाही असं समजा. हा बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हला भिडतात आणि काही सेकंदांत हेडचं काम निघतं. लाखभर किलोमीटरचा आकडा लोकांच्या डोक्यात बसलेला असतो, पण रबर वयानेही खराब होतं. पाच-सहा वर्षं झाली की किलोमीटर कमी असले तरी बदला. वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो, म्हणून पंप, टेन्शनर, क्रॅंक आणि कॅमची सील त्याच वेळी टाका. मजुरी एकदाच लागते. जुना पंप हातात घेऊन त्याच्या छोट्या भोकाखाली बघा. पांढरट-हिरवट ओघळ सुकलेला दिसला तर तो गळायला लागलेलाच होता.

काम करणाऱ्याला एक गोष्ट नक्की विचारा: हे इंजिन कुठल्या दिशेला फिरतं? या जातीच्या होंडा इंजिनाचा क्रॅंक पुलीच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतो, बहुतेक गाड्यांच्या उलट. ज्याला हे ठाऊक आहे त्याने आधी ही कामं केलेली आहेत.

त्यानंतर सगळी ऑईलं आणि द्रव: इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, कूलंट, पॉवर स्टिअरिंग. पॉवर स्टिअरिंगमध्ये होंडाला चालणारंच ऑईल, कुठलंही लाल ऑईल नाही. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनावर, फिलर गेजने (फट मोजायच्या पात्यांनी), मॅन्युअलमधल्या मापाने सेट करून घ्या. कानाने टॅपेट लावणारे खूप आहेत. डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग) फिरवून अंदाजाने टायमिंग ‘पुढे’ घेणारेही आहेत. त्याला टायमिंग लाइटच लागते.

गाडी जितक्याला घेतली तेवढीच रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. सगळी लागेलच असं नाही, पण नसेल तर गाडी अर्धवट अवस्थेत गॅरेजच्या कोपऱ्यात पडते आणि तिथेच संपते.

दुपारच्या उन्हात गाडी बंद पडते, संध्याकाळी आपोआप सुरू होते. काय असेल?

त्या काळच्या होंडांचं हे ओळखीचं दुखणं. डॅशबोर्डखाली फ्युएल पंपाचा मुख्य रिले (विजेवर चालणारा स्विच) असतो. आतल्या डागाला (सोल्डरच्या जोडाला) वर्षानुवर्षांच्या उष्णतेने केसासारखी चीर जाते. केबिन तापली की संपर्क तुटतो, थंड झाली की जुळतो. चावी फिरवल्यावर मागून पंपाचा दोन सेकंदांचा घूं असा आवाज येतो का ऐका. आवाज नसेल आणि रिलेवर बोटाने टकटक केल्यावर आला, तर रोग सापडला. चांगला इलेक्ट्रिशियन डाग नव्याने देऊन तो दुरुस्त करतो.

पंप बोलतोय तरी गाडी सुरू होत नसेल तर डिस्ट्रिब्युटर बघा: आतला इग्नायटर, कॉइल, आणि शाफ्टचं बेअरिंग.

ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल चालेल का?

ही गाडी त्यासाठी बनलेली नाही, आणि आता पंपावर बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. इंजिन लगेच बिघडत नाही. धोका जुन्या रबराला आणि टाकीला आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि जुन्या होज, ओ-रिंगा त्यात कडक होतात किंवा फुगतात. टाकीपासून इंजेक्टरपर्यंतचे सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे टाका, फिल्टर बदला, इंजेक्टरच्या ओ-रिंगा नव्या घाला. पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी गॅरेज गाठा. हे काम पुढच्या महिन्यावर टाकण्याजोगं नाही.

पार्ट कुठे मिळतात?

बेल्ट, प्लग, फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच यांचं काही अडत नाही. अडतं ते दिव्यांचं, बंपरचं, दारांच्या रबरांचं, आतल्या प्लॅस्टिकचं. मुंबईत नव्या मालासाठी ऑपेरा हाउस, जुन्यासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. दिल्लीत काश्मिरी गेट आणि मायापुरी. जुना पार्ट हातात घेऊन जा, फोटोवर भरवसा ठेवू नका. आणि दुसरी कुठली सिटी भंगारात निघालेली कळली तर हेडलाइटची जोडी आणि दारांच्या रबराचा संच आधी उचला, गरज नसली तरी.

सायलेन्सर, हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणारे पाइप), खाली बसवलेली स्प्रिंग?

कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. आवाजाचा सायलेन्सर तर नाक्यावर पहिला पकडला जातो. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या रस्त्यांवर ही गाडी आणखी खाली घेणं म्हणजे ऑईल सम्प (इंजिनाखालची ऑईलची टाकी) फोडून घेणं. पैसे नवे बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरं), चांगले शॉकअब्सॉर्बर, ताजे टायर आणि ब्रेकवर घाला. पंचवीस वर्षांच्या सिटीत सगळे बुश नवे पडले की ती किती नेमकी वळते हे पाहून लोकांना ती सुधारलेली वाटते. ती फक्त पूर्ववत झालेली असते.

इंजिन लाल रेघेपर्यंत फिरवायचंच असेल तर कोइम्बतूरची कारी आणि चेन्नईजवळची इरुंगट्टुकोट्टाईची धावपट्टी आहे. द्रुतगती महामार्ग त्यासाठी नाही.

विमा मिळतो का?

थर्ड पार्टी मिळतोच, तो सक्तीचा आहे. २०२२ च्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये होते, अधिक कर. पूर्ण विमा द्यायला बऱ्याच कंपन्या इतक्या जुन्या गाडीला तयार होत नाहीत. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली किंमत) तुमच्या आणि कंपनीच्या संमतीने ठरते, म्हणून विचारून पाहा. विंटेज म्हणून नोंद पन्नास वर्षांनंतरच होते, तो रस्ता सध्या बंद आहे.

कुटुंबाची एकमेव गाडी म्हणून घेऊ का?

नको. त्या काळच्या आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांप्रमाणे एअरबॅग आणि एबीएसची अपेक्षा धरू नका. लहान मुलांना घेऊन रोज महामार्गावर जायचं असेल तर नवी साधी गाडी घ्या आणि ही रविवारसाठी ठेवा. दुसरी गाडी असली म्हणजे हिचं काम घाईघाईत उरकावं लागत नाही, हाही मोठा फायदा.

त्यापेक्षा जपानहून जुनी स्कायलाइन किंवा सिव्हिक टाइप आर आणली तर?

भारतात तीन वर्षांहून जुनी वापरलेली मोटार सर्वसाधारण मार्गाने आयात करता येत नाही, आणि नियमात बसणारीवर शुल्क मूळ किमतीच्या वर जातं. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना मात्र पंचवीस वर्षं झालेली गाडी आणता येते, त्यामुळे २००० सालच्या जपानी गाड्या आता त्यांच्या आवाक्यात आल्या आहेत. कॅलिफोर्नियात असाल तर तिथले धुराचे नियम वेगळे आणि कडक आहेत, ते आधी वाचा.

सिटी मिळत नसेल तर दुसरं काय?

होंडाचीच आठव्या पिढीची सिव्हिक १.८. २००६ पासून आली, टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे, आणि रोजच्या वापराला सिटीपेक्षा खूप सोपी. १.६ इंजिनाची जुनी मारुती बलेनो कमी कौतुकाची पण चालवायला गोड. मित्सुबिशी सेडिया २.० मला मनापासून आवडते, पण तिच्या पार्टांसाठी चिकाटी लागते.

पावसाळाभर गाडी उभी ठेवायची आहे. काय काळजी घेऊ?

टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते. ऑईल बदलून मगच उभी करा. हातब्रेक ओढू नका, चाकाला अडण लावा आणि गिअरमध्ये ठेवा. बॅटरीची वायर काढा. प्लॅस्टिकचं आच्छादन घालू नका, आत घाम धरतो. छप्पर नसेल तर श्वास घेणारं कापडी कव्हर. जागेवर पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून बंद करण्याने सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, दुसरं काही साधत नाही. उघडीप मिळाली की पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा, ब्रेक नीट तापू द्या, आणि परत आल्यावर गाडीखाली जुनं वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी त्यावर कुठे डाग पडलाय ते बघून पुढचं काम ठरवता येतं.